गिअर टाकताना खालून 'टक्' येतं, डिफरन्शियल बदलावा का?

पत्र: आमच्याकडं 2012 ची बोलेरो आहे. डिझेल, साधी टू-व्हील ड्राइव्ह. चार वर्षांपूर्वी दुसऱ्याकडून घेतली, आता मीटरवर 2 लाख 14 हजार किलोमीटर आहेत. शेतातली ये-जा, मोंढ्याला सोयाबीन-तूर नेणं आणि अधूनमधून मांजरसुंब्याच्या घाटातून बीडला जाणं, एवढा वापर. यंदा पावसाळा संपल्यापासून रिव्हर्समधून पहिल्या गिअरला घेताना खालून 'टक्' असा आवाज येतो. साठच्या आसपास पायाखाली थरथर जाणवते आणि एक्सलेटर सोडला की मागून गुरगुर ऐकू येते. एक मिस्त्री म्हणतो डिफरन्शियल गेला, जुन्या बाजारातून अख्खा आणून बसवू, 40 हजार धरा. दुसरा म्हणतो गिअरबॉक्स खोलावा लागेल. मुलगा म्हणतो विकून टाका, जुनी स्विफ्ट घेऊ. कुणाचं ऐकावं? (एक शेतकरी, केज तालुका)

नमस्कार दादा,

आत्ता कुणाचंच ऐकू नका. तुमच्या पत्रावरून तरी दोघांपैकी एकाही मिस्त्रीनं गाडीखाली जाऊन शाफ्ट हातानं हलवून पाहिलेला दिसत नाही. आणि तो हलवून पाहायला पैसे लागत नाहीत. तुम्ही लिहिलेल्या तीन लक्षणांपैकी 'टक्' आणि पायाखालची थरथर ही दोन्ही आधी प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागं जाणारा लांब दांडा) क्रॉसची, म्हणजे त्याच्या टोकाच्या सांध्याची, लक्षणं आहेत. गुरगुर डिफरन्शियलच्या पिनियनच्या (शाफ्टला जोडलेला आतला छोटा गिअर) बेअरिंगची असू शकते, पण डिफरन्शियल खोलायच्या आधी टायर, चाकाचे बेअरिंग आणि तेलाची पातळी या गोष्टी निकालात काढाव्या लागतात. अख्खा डिफरन्शियल बदलणं ही सगळ्यात शेवटची पायरी.

इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्सला, तिथून लांब शाफ्टनं मागं डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गिअरांच्या गोळ्याला, आणि एक्सलमधून चाकांना जाते. या वाटेवर प्रत्येक सांध्यात थोडी मोकळीक असतेच. पुढं जाताना दाते एका बाजूनं टेकलेले असतात, रिव्हर्सला दुसऱ्या बाजूनं. दिशा बदलली की सगळी मोकळीक एकदम भरून निघते आणि तोच 'टक्'. नव्या गाडीत तो ऐकू येत नाही इतका बारीक असतो. सांधे झिजले की वाढतो. त्यामुळं तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'वाढलेली मोकळीक कोणत्या सांध्यात आहे' एवढंच शोधायचं आहे.

आधी गाडी धुऊन घ्या, आणि हे मनापासून सांगतोय. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात शाफ्टला आणि चाकांच्या रिमला आतून चिकटते, वाळून दगड होते. शाफ्टवर एका बाजूला मूठभर माती वाळलेली असली तरी साठच्या वेगाला थरथर होते, कारण तुमच्या 215/75 आर 15 टायरला साठच्या वेगाला सेकंदाला साडेसात फेरे होतात आणि डिफरन्शियलचं प्रमाण 4 च्या आसपास (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार) धरलं तर शाफ्टला तीस. म्हणूनच चाकाची थरथर संथ असते, स्टेअरिंग डुलल्यासारखं वाटतं; शाफ्टची थरथर बारीक आणि वेगवान असते, ती तळव्यांना आणि सीटखाली लागते. तुम्ही 'पायाखाली' लिहिलंय, म्हणून शाफ्टवर संशय. धुताना शाफ्टवर वेल्डिंगनं लावलेल्या छोट्या पत्र्याच्या पट्ट्या दिसल्या तर त्या खरवडू नका. शाफ्टचा तोल राखण्यासाठी लावलेली ती वजनं आहेत.

धुतल्यावर सपाट, मोकळ्या रस्त्यावर एक चाचणी घ्या. शेजारी कुणाला तरी वही घेऊन बसवा. आवाज कुठून येतो ते लिहू नका, गाडीच्या पत्र्यातून आवाज फिरतो आणि फसवतो. केव्हा येतो ते लिहा. गाडी साठपर्यंत न्या आणि चार अवस्था पाहा: एक्सलेटर दाबून वेग वाढवताना, वेग स्थिर ठेवताना, एक्सलेटर सोडून गाडी गिअरमध्येच संथ होऊ देताना, आणि न्यूट्रल करून गाडी आपोआप धावत असताना. न्यूट्रलची चाचणी फक्त सपाट रस्त्यावर, घाटात कधीही नाही. मग पन्नासचा वेग एकदा तिसऱ्या गिअरमध्ये आणि एकदा चौथ्यात घेऊन पाहा.

थरथर गिअर कोणताही असला तरी त्याच वेगाला येत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या मागं आहे: शाफ्ट, डिफरन्शियल, एक्सल किंवा चाक. ती इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलत असेल, तिसऱ्याला जास्त आणि चौथ्याला कमी होत असेल, तर इंजिन, क्लच किंवा त्यांची माउंटिंगं. न्यूट्रलला गाडी धावतानाही थरथर तशीच राहिली तर गिअरबॉक्स खोलायची घाई करणाऱ्या मिस्त्रीला तिथंच थांबवता येईल.

गुरगुरीचंही तसंच. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर आल्यावर आवाजाचा पोत बदलला तर तो टायरचा आहे. मागचे टायर पुढं घेतले की आवाजही पुढं येतो. पन्नासच्या वेगाला गाडी हळूच उजवीकडं झुकवली आणि आवाज वाढला, डावीकडं झुकवल्यावर कमी झाला, तर भार डाव्या चाकावर जातोय आणि बहुतेक डाव्या चाकाचा बेअरिंग गेलाय. रस्ता मोकळा असेल तरच हे करा. यापैकी काही नसेल आणि आवाज फक्त एक्सलेटर सोडल्यावर येत असेल, तर पिनियनचा बेअरिंग ढिला झालाय किंवा पिनियनचा नट सैल आहे, अशी दाट शक्यता. फक्त ओढताना कर्कश गाणं येत असेल तर क्राऊन (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) आणि पिनियनच्या दात्यांची झीज. सरळ जाताना शांत, आणि वळताना मात्र टकटक किंवा घर्षण, तर डिफरन्शियलच्या आतल्या छोट्या गिअरांचे वॉशर.

आता गाडीखाली जायचं. बोलेरो उंच आहे, जॅक लावायची गरज नाही आणि लावूही नका. गाडी फरशीवर किंवा टणक सपाट जागी उभी करा. चारही चाकांना पुढं-मागं मोठे दगड लावा, इंजिन बंद, किल्ली खिशात, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. चाकं जमिनीवर असल्यामुळं शाफ्ट फिरणार नाही, फक्त त्याच्यातली मोकळीक हाताला लागेल. नुकतीच चालवलेली गाडी असेल तर सायलेन्सर थंड होऊ द्या.

शाफ्टच्या मागच्या टोकाला, डिफरन्शियलला जिथं जोडलाय तिथं, अधिक चिन्हासारखा भाग दिसेल. तो क्रॉस. त्याच्या चार टोकांवर चार टोप्या असतात आणि टोपीच्या आत बारीक सुयांसारखे बेअरिंग. एका हातानं शाफ्टकडचा यू आकाराचा चिमटा धरा, दुसऱ्या हातानं डिफरन्शियलचा फ्लँज (शाफ्ट जिथं बोल्टनं जोडतात ती चकती), आणि दोन्ही उलट दिशेनं पिळा. दोघांमध्ये डोळ्याला दिसेल इतकी हालचाल झाली तर क्रॉस गेला, पुढं वाद नको. त्यानंतर टॉमी (लोखंडी दांडा) घालून शाफ्ट वर-खाली उचलून पाहा, तिथंही चांगल्या क्रॉसमध्ये काहीच हलत नाही. टोप्यांच्या कडेला लालसर भुकटी दिसते का, तेही बघा. सुया कोरड्या पडून गंजल्या की त्यांची पूड होऊन अशी बाहेर येते. संथ वेगाला, भिंतीच्या कडेनं जाताना 'चिव-चिव' असा पक्ष्यासारखा आवाज येत असेल तर तोही कोरड्या क्रॉसचाच. पुढचा, गिअरबॉक्सकडचा क्रॉस याच पद्धतीनं पाहा. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचं रबर फाटलंय का, शाफ्ट तिथं लोंबतोय का हे बघा.

आता संपूर्ण शाफ्ट दोन्ही दिशांना पिळून पाहा. तो थोडासा फिरेल, साधारण घड्याळाच्या एका मिनिटाच्या अंतराएवढा म्हणजे 6 अंशांपर्यंत. डिफरन्शियलच्या दात्यांमधली ही मोकळीक असावीच लागते, नाहीतर तेल आत जाणार नाही आणि दाते तापतील. दोन लाखांवर चाललेल्या गाडीत ती याहून थोडी जास्त असली तरी केवळ तेवढ्यावर डिफरन्शियलला दोष देऊ नका. पण पिनियनचा फ्लँज वर-खाली किंवा आत-बाहेर हलला, अगदी नखभर हलला, तरी पिनियनचे बेअरिंग गेले. तिथं अशी हालचाल अजिबात चालत नाही.

एक भाग बहुतेक जण विसरतात: शाफ्टचा सरकता सांधा. कमानपाटे वर-खाली होतात तशी शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी लागते, म्हणून शाफ्टचा एक भाग दुसऱ्यात खाचांवर सरकतो. त्यात ग्रीस नसेल तर तो अडकतो आणि मग झटक्यानं सुटतो. गाडी ब्रेक लावून थांबल्यावर, किंवा थांबून पुन्हा निघताना एकदाच 'टक्' येत असेल तर आधी इथं ग्रीस भरा. पुष्कळदा तेवढ्यानं आवाज बंद होतो. खाचांमध्येच आडवी मोकळीक पडली असेल तर मात्र ग्रीसनं काही होणार नाही.

ग्रीस भरतानाही एक गोष्ट पाळा. लिथियमचं ईपी प्रकारचं ग्रीस, एनएलजीआय 2 नंबर, घ्या. निपल (ग्रीस भरायचं तोंड) पुसून घ्या, नाहीतर त्यावरची माती तुम्हीच गनमधून आत ढकलाल. क्रॉसच्या चारही टोप्यांच्या सीलमधून जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत दाबत राहा. तीन टोप्यांतून आलं आणि चौथीतून नाही, तर चौथी कोरडीच राहिली. शाफ्ट थोडा पिळत, हलवत पुन्हा दाबा. ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर किलोमीटरची वाट न पाहता त्याच आठवड्यात ग्रीस करा. ग्रीस गन घरी असणं ही दोन-तीन हजारांच्या कामाची बचत आहे, आणि पांदण रस्त्यांवर फिरणाऱ्या प्रत्येकाकडं ती असावी असं आमचं ठाम मत आहे.

क्रॉस बदलायचा ठरला तर काम कसं होतंय ते उभं राहून पाहा, कारण नवा क्रॉस लवकर जाण्याचं कारण बहुतेक वेळा तो बसवण्याच्या पद्धतीत असतं. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर आणि सरकत्या सांध्याच्या दोन्ही भागांवर पंचनं किंवा रंगानं खुणा करून घ्या. शाफ्टच्या दोन टोकांचे चिमटे एका रेषेत असावे लागतात. सरकता सांधा एक खाच जरी चुकवून बसवला तरी दोन्ही क्रॉस नवे असून गाडी थरथरते, आणि मग लोक पुन्हा डिफरन्शियलच्या मागं लागतात. टोपी घनानं ठोकून बसवू देऊ नका, व्हाइसमध्ये दाबून बसवायची असते. बसवताना एक सुई आडवी पडली तर टोपी पूर्ण आत जात नाही आणि सर्कलिप (टोपी जागेवर धरणारी कडी) खाचेत बसत नाही. चारही सर्कलिप खाचेत नीट बसल्या का हे बोटानं तपासा. नवा क्रॉस हातानं दोन्ही दिशांना सहज फिरला पाहिजे. नवी टोपी चिमट्याच्या भोकात हातानंच सैल घुसत असेल तर भोक मोठं झालंय. असा चिमटा ठेवून नवा क्रॉस बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. पुढचा आणि मागचा, दोन्ही क्रॉस एकदमच बदला. फ्लँजचे बोल्ट मूळ प्रतीचेच, आणि नट नवे.

खिळखिळा झालेला क्रॉस चालवत ठेवू नका. तो तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक सुटलं, तर चालत्या गाडीत ते रस्त्यावर आपटतं, रुतलं तर मागून गाडी उचलली जाते. घाटात उतरताना इंजिनचा ब्रेकही त्याच क्षणी जातो. क्रॉसमध्ये हालचाल दिसली तर तो बदलेपर्यंत मांजरसुंब्याचा घाट नको आणि मालही नको.

क्रॉस चांगले निघाले तर मोर्चा डिफरन्शियलकडं. तो उघडण्याआधी त्याचं तेल बघा. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून तेल कोमट होऊ द्या. वरचा, भरायचा प्लग आधी सोडवा आणि मगच खालचा. खालचा आधी काढला आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर तेल सांडलेलं आणि गाडी जागेवर अडकलेली. वरच्या भोकात बोट वाकवून घाला. भोकाच्या खालच्या कडेला तेल लागलं तर पातळी बरोबर. बोट कोरडं आलं तर गुरगुरीचं कारण तिथंच असू शकतं.

तेल खाली काढल्यावर प्लगचा चुंबक पुसून पाहा. करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर ती रोजची झीज, काळजी नको. बोटाला टोचणारे कण, चकत्या, सुईचे तुकडे किंवा दात्याचा कोपरा निघाला तर डिफरन्शियल उघडावाच लागेल. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. तुमचा त्रास पावसाळ्यानंतर सुरू झालाय म्हणून ही शक्यता विशेष. चालून तापलेला डिफरन्शियल ओढ्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, श्वासनळीतून पाणी आत ओढते. असं पाणी महिनाभर आत राहिलं की बेअरिंगांवर गंजाचे डाग पडतात आणि तिथून गुरगुर सुरू होते.

ही श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, एक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला टोपीसारखी असते. ती चिखलानं बंद झाली तर आत दाब वाढतो आणि तेल पिनियनच्या सीलमधून बाहेर येतं, किंवा एक्सलच्या सीलमधून थेट ब्रेकच्या लायनरवर. सील पुन्हा पुन्हा जात असेल तर आधी ब्रीदर डिझेलनं साफ करून मोकळा करा. पिनियनचं सील बदलताना नटची जागा खुणेनं धरून ठेवायची असते. काही डिफरन्शियलमध्ये नटखाली दबणारी नळी असते, तो नट जास्त आवळला तर नळी चेपते, बेअरिंगांवर जादा दाब येतो आणि थोड्याच दिवसांत ते जळतात. इम्पॅक्ट गननं 'टाइट' करून देणाऱ्याला हे काम देऊ नका.

नवं तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. डिफरन्शियलला साधारण जीएल-5 दर्जाचं लागतं. तेच तेल उरलंय म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतात, म्हणून पुस्तकात जीएल-4 लिहिलं असेल तर जीएल-4 च. जुनं तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका, गॅरेजच्या ड्रममध्ये द्या.

पिनियनचे बेअरिंगच गेलेले निघाले तर बेअरिंग, सील आणि शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) बदलून, डायल गेजनं दात्यांची मोकळीक मोजून तोच डिफरन्शियल पुन्हा बांधता येतो. हे काम डिफरन्शियलच करणाऱ्या कारागिराकडं द्यावं. लातूर, बीड, संभाजीनगरच्या गॅरेज भागात असे कारागीर सापडतात. दाते तुटले असतील तर क्राऊन आणि पिनियन जोडीनंच बदलायचे, एक जुना आणि एक नवा कधीच नाही, कारण ते जोडीनं घासून जुळवलेले असतात. जुन्या बाजारातून अख्खा आणायचाच झाला तर दाते मोजून घ्या: क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते तुमच्या जुन्या आकड्याशी जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर गाडी एकतर चढाला दम सोडेल किंवा डिझेल जास्त पिईल, आणि मीटर चुकीचा वेग दाखवेल.

'टक्'ची आणखी दोन स्वस्त कारणं आहेत, ती पाच मिनिटांत तपासून होतात. कमानपाट्यांचे यू बोल्ट ढिले असतील किंवा बुश संपले असतील तर एक्सल पुढं-मागं पिळतो आणि हुबेहूब क्रॉससारखा आवाज येतो. यू बोल्टच्या नटांभोवती चकाकणारी घासलेली जागा दिसली तर ते हललेत. दुसरं, इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंगं. बॉनेट उघडा, गाडीसमोर आणि मागं कुणी उभं नसेल याची खात्री करा, ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरला आणि मग रिव्हर्सला क्लच किंचित सोडा. बाजूला उभ्या माणसाला इंजिन बोटभर उचललेलं दिसलं तर माउंटिंगचं रबर फाटलंय.

गिअरबॉक्स खोलायचा म्हणणाऱ्या मिस्त्रीसाठी क्लचच्या पेडलची परीक्षा. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. पेडल वर असताना घरघर आणि पेडल दाबल्यावर ती बंद, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा बेअरिंग. उलट, पेडल दाबल्यावर आवाज आणि सोडल्यावर शांत, तर क्लचचा रिलीज बेअरिंग. दोन्ही वेळा शांत असेल, गिअर सुटत नसेल, दुसऱ्या-तिसऱ्याला 'खर्र' होत नसेल, तर गिअरबॉक्सला हात लावायचं काहीच कारण नाही. क्लच घसरतोय का हे पाहायला चौथ्या गिअरमध्ये चाळीसला एक्सलेटर पूर्ण दाबा. इंजिन ओरडलं आणि वेग मात्र वाढला नाही, तर प्लेट संपली. त्या वेळी प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तिघांसाठी तीच असते. क्रँकचं मागचं ऑइल सील गळत असेल तर तेही तेव्हाच, नाहीतर नव्या प्लेटवर तेल येईल.

तुमच्या वापराबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोंढ्याला जाताना समजा 60 किलोची बारा पोती भरली, तर ती सात क्विंटलच्या वर, शिवाय माणसं. पहिल्या गिअरला शाफ्टवर इंजिनच्या पिळाच्या तीन ते चारपट पीळ येतो, आणि भरलेली गाडी शेतातून काढताना क्लच झटकन सोडला की तो सगळा क्रॉसच्या सुयांवर बसतो. क्रॉस झिजले असतील तर त्यातला मोठा वाटा या झटक्यांचा आहे. रुतलेली गाडी पुढं-मागं हिसके देत काढण्यापेक्षा चाकांखाली पाचट किंवा दगड टाकून, पहिल्या गिअरला सावकाश काढा. रिव्हर्समधून पहिल्याला घेताना गाडी पूर्ण थांबू द्या. माल नेण्यासाठी वेगळी गाडी किंवा ट्रॉली परवडत असेल तर उत्तमच, प्रवासी गाडी त्या कामासाठी नाही.

विकायचं की नाही? तुमची गाडी 2012 ची, म्हणजे 2027 मध्ये नोंदणीला 15 वर्षं पूर्ण होतील. त्यानंतर आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. चॅसिस गंजलेली नसेल, इंजिन धूर न ओकता चालत असेल आणि दोष क्रॉस-ग्रीस-सीलपर्यंतच असेल, तर दुरुस्त करून ठेवा. 'टक्' वाजणारी गाडी विकायला नेली तर घेणारा डिफरन्शियलचेच पैसे कापेल, म्हणजे क्रॉसच्या दोषापायी तुमचं मोठं नुकसान. विकायची असली तरी आधी क्रॉस बदला.

मुलगा स्विफ्ट पाहणार असेल तर तिच्यात हा लांब शाफ्ट नसतो, पुढची चाकंच ओढतात. तिथं बघायचं ते एक्सलचे जॉइंट. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण डावीकडं वळवून, थोडा एक्सलेटर देत एक गोल घ्या, मग उजवीकडं. 'कट-कट-कट' आवाज आला तर बाहेरचा जॉइंट गेला. डाव्या वळणाला आवाज येत असेल तर बहुधा उजव्या चाकाचा, कारण भार तिकडं असतो. सरळ रस्त्यावर वेग वाढवताना पुढचा भाग डुलतो आणि एक्सलेटर सोडला की थांबतो, तर आतला जॉइंट. मग चाक पूर्ण वळवून मागं वाकून रबरी बूट पाहा. घड्यांमध्ये चीर असेल किंवा रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फवारे असतील, तर बूट फाटलाय. आवाज अजून सुरू झाला नसेल तर जॉइंट साफ करून नवा बूट आणि मॉलिब्डेनमचं ग्रीस घालून भागतं. आवाज सुरू झाला असेल तर ग्रीसमध्ये मिसळलेल्या फुफाट्यानं गोळ्यांचे खड्डे आधीच खाल्लेले असतात. मग नवा जॉइंट, आणि तेवढे पैसे भावातून कमी करून मागा. हे सगळं गाडी थंड असताना, मालकाच्या घरी जाऊन करा, कारण तापलेली गाडी पुष्कळ आवाज लपवते.